आलं वेगळं, सुंठ वेगळी: पचनासाठी आल्याचा नेमका वापर

चहासाठी दुधात आलं किसून टाकलं आणि मग पातेलं गॅसवर चढवलं, की बऱ्याचदा दूध फाटतं. बोल लागतो दुधाला. खरं तर दुधात काही खोट नसते. कच्च्या आल्यात झिंजिबेन नावाचं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं आणि साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ते सगळ्यात जोरात काम करतं. दूध तापत तापत त्या टप्प्यातून जातं, तेवढ्यात त्यातल्या केसीन या प्रथिनाची वाट लागलेली असते. तेच आलं आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळा, दूध नंतर घाला; काही होत नाही. एन्झाइम उकळत्या पाण्यात आधीच निकामी झालेलं असतं.

ही गोष्ट सुरुवातीलाच सांगायचं कारण असं, की आल्याबद्दलच्या निम्म्या गोंधळाचं मूळ इथे आहे. ‘आलं पचनाला चांगलं’ असं आपण सरसकट म्हणून मोकळे होतो. पण कच्च्या, उकळलेल्या आणि वाळलेल्या आल्यातली रसायनं सारखी नसतात, त्यामुळे पोटात गेल्यावर ती करतात ते कामही सारखं नसतं. मराठीत ओल्या कंदाला आलं आणि वाळलेल्याला सुंठ अशी एकमेकांशी काही नातं नसल्यासारखी दोन नावं आहेत. प्रयोगशाळेत तपासलं तरी हा भेद योग्यच ठरतो.

आत काय असतं

आल्याला आपण मूळ समजतो, पण ते जमिनीखाली आडवं वाढणारं खोड आहे. हळद आणि वेलदोडा ही त्याच कुळातली भावंडं. ताज्या आल्यात सुमारे ८० टक्के पाणीच असतं. उरलेल्यात पिठूळ भाग आणि दोरे बरेच. आपल्या कामाचे घटक अगदी थोडे असतात आणि ते ओळखायला नाक आणि जीभ पुरे.

नाकाला कळतं ते उडून जाणारं तेल. वाळलेल्या आल्यात ते साधारण १ ते ३ टक्के भरतं. त्यात झिंजिबेरीन हा मोठा हिस्सा; लिंबासारखी जी झाक येते ती सिट्रलची. आलं चिरल्या चिरल्या जो वास घरभर होतो तो म्हणजे हे तेल हवेत निघून चाललेलं असतं.

जिभेला झोंबतं ते जिंजेरॉल. हा एकच पदार्थ नसून एक कुटुंब आहे: ६-जिंजेरॉल, ८-जिंजेरॉल, १०-जिंजेरॉल. आकड्यांचा संबंध रेणूच्या शेपटीच्या लांबीशी आहे. ताज्या आल्यात ६-जिंजेरॉल सगळ्यात जास्त.

आता खरी गंमत. आलं वाळवलं किंवा बराच वेळ तापवलं, की जिंजेरॉलच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि उरतो तो शोगाओल. (जपानीत आल्याला ‘शोगा’ म्हणतात, त्यावरून हे नाव.) कंदातलं पाणी उडून जाणं हा वेगळा भाग, इथे रेणूच्याच पोटातून पाणी निघतं. शोगाओल जिंजेरॉलच्या दुपटीहून अधिक तिखट. म्हणून चिमूटभर सुंठ जिभेवर टाकली तरी घसा तापतो आणि तेवढंच ताजं आलं फक्त चुरचुरतं. शिजवताना काही जिंजेरॉलचं झिंजेरोन होतं. ते सौम्य आणि किंचित गोडसर असतं. रश्श्यात शिजलेलं आलं कच्च्याइतकं अंगावर येत नाही, त्यामागे हेच आहे.

झिंजिबेनवरून एक दावा नेहमी केला जातो, की आल्यातलं एन्झाइम आपलं मटण-डाळीतलं प्रथिन पचवून देतं. मांस मऊ करायला कच्च्या आल्याचं वाटण लावून ठेवतात ते याच एन्झाइमच्या जोरावर, तेवढं खरं. पण शिजवलेल्या आल्यात ते उरत नाही आणि प्रथिनं पचवायला पोटाकडे स्वतःची भक्कम यंत्रणा आहे. आल्याची खरी कामगिरी दुसरीकडे आहे.

पोटात गेल्यावर काय होतं

पहिलं काम तोंडातच होतं. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतं, त्यालाच जिंजेरॉल आणि शोगाओलही चेतवतात. उष्णता जाणवते, तोंडाला पाणी सुटतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत आल्यामुळे पित्ताचा स्राव आणि त्यातली पित्ताम्लं वाढलेली दिसली. माणसाच्या बाबतीत इतक्या ठामपणे बोलता येत नाही, तरी जेवणाआधी आल्याचा काप चावल्यावर भूक जागी होते हे कुणालाही करून पाहता येईल.

दुसरं काम मळमळीचं. इथे आल्याची बाजू सगळ्यात भक्कम आहे. सेरोटोनिन हे मज्जातंतूंना निरोप देणारं रसायन. शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन मेंदूत नव्हे, आतड्यात असतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्रास झाला की ते सोडतात, ते मज्जातंतूवरच्या ग्राहकांवर जाऊन बसतं आणि ‘ओकून टाक’ असा निरोप मेंदूकडे जातो. जिंजेरॉल आणि शोगाओल याच ग्राहकांच्या कामात अडथळा आणतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. उलटीवर रुग्णालयात देतात ते ओंडान्सेट्रॉन हे औषधही याच ग्राहकांवर काम करतं. ताकद मात्र कितीतरी पट जास्त, तेव्हा दोघांना एका तराजूत घालू नका.

तिसरं काम जठर रिकामं करण्याचं. तैवानमध्ये २४ निरोगी लोकांवर झालेल्या, २००८ साली छापून आलेल्या अभ्यासात १.२ ग्रॅम सुंठीच्या कॅप्सूल देऊन तासाभराने ५०० मिलिलिटर सूप पाजलं. अर्धं सूप जठरातून पुढे सरकायला सुंठीनंतर सरासरी १३ मिनिटं लागली. नुसत्या बनावट, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या बिनऔषधी कॅप्सूलनंतर जवळजवळ २७. आकडा बघून कुणालाही वाटेल, की झालं, औषध सापडलं. पण २०११ मध्ये अजीर्णाचा जुना त्रास असलेल्या ११ जणांवर हाच प्रयोग केला. त्यांचंही जठर लवकर रिकामं झालं, १६ मिनिटांऐवजी १२ मिनिटांत. मात्र त्यांना वाटणाऱ्या त्रासात काही फरक पडला नाही. जठर लवकर रिकामं होणं आणि माणसाला बरं वाटणं या दोन गोष्टी एक नाहीत, आणि आल्यावरच्या उत्साही लिखाणातून नेमकी हीच ओळ गळते.

आणखी एक थंड पाण्याचा हबका. आतडं संवेदनशील असलेल्या, म्हणजे कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ आणि पोटदुखी असणाऱ्या ४५ जणांना २८ दिवस रोज १ किंवा २ ग्रॅम आलं देऊन पाहिलं. २०१४ मध्ये आलेल्या या निकालात बनावट गोळी घेणाऱ्या गटात ५७ टक्के लोकांना बरं वाटलं, १ ग्रॅमवाल्यांत सुमारे ४७ आणि २ ग्रॅमवाल्यांत ३३. गट लहान होते, पण आल्याचा पगडा कुठेच दिसला नाही. तेव्हा ‘पोटाचं काहीही असो, आलं घ्या’ हा सल्ला सोडून द्यायला हवा.

पायरी १: तक्रार नेमकी ओळखा

‘पोट बिघडलंय’ एवढ्यावर काही ठरवता येत नाही. जरा थांबून स्वतःलाच विचारा, नक्की काय होतंय.

मळमळ, उमासे, गाडी लागणं, गरोदरपणातली सकाळची ओकारी: इथे आलं घेण्यात अर्थ आहे. जेवणानंतर जड वाटणं, दोन घासांतच पोट भरल्यासारखं होणं, करपट ढेकर, पोटाला गुबारा धरणं: करून पाहण्याजोगं. गुण येईल असं नक्की नाही, पण माफक प्रमाणात घेतलं तर नुकसानही सहसा नाही.

छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं: इथे आलं उलटू शकतं. आल्याच्या दुष्परिणामांत सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार छातीतल्या जळजळीचीच आहे. मी स्वतः एकदा ‘सकाळी अनशापोटी आल्याचा काढा’ असं काहीतरी वाचून आठवडाभर तो घेतला. मूठभर आलं, कपभर पाणी, अर्धा कप होईपर्यंत आटवलेलं. तिसऱ्या दिवशी छातीच्या हाडामागे निखारा ठेवल्यासारखं वाटायला लागलं आणि मी मात्र ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतायत’ अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. काढा बंद केला, दोन दिवसांत सगळं थंड झालं.

बद्धकोष्ठासाठी आल्यावर भिस्त ठेवू नका. जुलाब चालू असतील तर जास्त आलं ते वाढवूही शकतं.

पायरी २: कंद निवडा आणि सांभाळा

हाताला जड लागणारा, साल ताणलेली आणि तुकतुकीत असलेला कंद घ्या. एक बोट मोडून पाहा: कट्‌ असा आवाज आला पाहिजे आणि मोडलेल्या जागी लगेच ओल दिसली पाहिजे. वाकतं पण मोडत नाही ते आलं जुनं. मोडल्यावर कडेने दोऱ्यांचे केस उभे राहिले तर कंद पक्व आहे. खायला तो कमी सुखाचा, पण काढ्यासाठी उत्तम, कारण कोवळ्यापेक्षा त्यात झणझणीतपणा जास्त. काही जातींत आत निळसर कडं दिसतं. ते जातीचंच असतं, बुरशी नव्हे.

खरी बुरशी ओळखणं सोपं आहे: सालीवर कापसासारखा लव, बोटाखाली मऊ पडलेला भाग, कुबट वास. अशा कंदाचा ‘चांगला भाग’ कापून घेऊ नका, सगळाच टाका. कोंब फुटलेलं आलं मात्र बिनधास्त वापरा; बटाट्याच्या कोंबासारखा त्यात धोका नसतो.

फ्रिजमध्ये न सोलता, कोरडं करून, कागदात गुंडाळून ठेवलं तर दोन-तीन आठवडे नीट राहतं. फ्रीझरमध्ये अख्खं टाकलं तर महिनोन्‌महिने टिकतं. गोठलेलं आलं किसायला फार सोपं जातं, दोरे किसणीच्या वरच राहतात. सोलायला सुरी नको, चमचा घ्या. चमच्याच्या कडेने साल खरवडली की फक्त पातळ पापुद्रा निघतो. तेलाच्या पिशव्या सालीच्या लगतच्या थरात बऱ्याच असतात. सुरीने जाड साल काढली की त्या तिच्याबरोबर केरात जातात. स्वच्छ धुतलेलं असेल तर काढ्यासाठी सोलायचीही गरज नाही.

पायरी ३: रूप ठरवा

*कच्चा काप.* भूक मंदावली असेल, जेवणाआधी तोंडाला चव नसेल तर हा. दोऱ्यांच्या आडवं, कागदासारखं पातळ कापा. उभं कापलं तर दोरे दातांत अडकून सगळी मजा जाते. दोन-तीन कापांवर मिठाचे चार कण आणि लिंबाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटं ठेवा. कापांना पाणी सुटतं आणि लिंबामुळे कधीकधी कडा किंचित गुलाबी होतात. जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी सावकाश चावा. गिळण्याची घाई नको, कारण अर्धं काम तोंडातच व्हायचं असतं.

*काढा.* माझ्या अंगठ्याच्या पहिल्या पेराएवढा तुकडा काट्यावर ८ ग्रॅम भरला. तुम्हीही आपला एकदा तोलून ठेवा, पुन्हा काटा लागणार नाही. एका माणसाला ५ ते ८ ग्रॅम पुरे. कापा, मग खलबत्त्यात एक-दोन घाव घाला. पिठासारखं वाटायचं नाही, नुसतं चेचायचं. २५० मिलिलिटर पाण्याला आधण आणा, आलं टाका, आच मंद करा आणि झाकण ठेवा. आठ ते दहा मिनिटांनी गॅस बंद करा, पण झाकण लगेच काढू नका. दोन मिनिटांनी उचला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पाहा: थेंब लोंबकळत असतात आणि त्यांना आल्याचा तीव्र वास येतो. वाफेबरोबर उडालेलं तेल ते हेच. झाकण पातेल्यावर तिरकं करून ते थेंब परत आत सोडा. उघड्या पातेल्यात वीस मिनिटं उकळलेल्या काढ्यात तिखटपणा राहतो, वास मात्र स्वयंपाकघराच्या छताला गेलेला असतो.

जिंजेरॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात सहज विरघळतं. त्यामुळे गाळल्यावर चोथ्यात बरंच काही शिल्लक असतं. झेपत असेल तर थोडा चोथा चावून खा. भाजी-आमटीला फोडणीत आलं परतलं की त्याची चव सगळ्या पदार्थाला लागते, त्याचंही कारण हेच. गाळलेल्या काढ्याच्या किंवा रसाच्या तळाशी पांढरट साका बसतो तो पिठूळ पदार्थ. निरुपद्रवी आहे, निवळून टाकला तरी चालेल.

*सुंठ पूड.* मळमळीवरच्या बहुतेक चाचण्या वाळलेल्या पुडीवरच झालेल्या आहेत, तेव्हा प्रवासासाठी किंवा मोजून घ्यायचं असेल तर हीच सोयीची. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण २ ग्रॅम. अर्धा सपाट चमचा म्हणजे १ ग्रॅम. शीग लावू नका. कोरडी पूड तोंडात टाकलीत तर ठसका लागणारच. कोमट पाण्यात किंवा मधात कालवून घ्या. पूड थोडी थोडी आणा. डबा उघडल्यावर नाकाला काही जाणवलं नाही, तर जिभेलाही फारसं काही मिळणार नाही असं धरून चाला.

*कॅप्सूल.* प्रमाण ठरलेलं असतं हा फायदा कागदावरचा. २००६ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या आल्याच्या पुरवण्या तपासल्या तेव्हा ६-जिंजेरॉलचं प्रमाण दर ग्रॅमला शून्यापासून ९ मिलिग्रॅमच्या वरपर्यंत आढळलं. म्हणजे एका बाटलीत नुसता भुसा, दुसरीत माल. घ्यायचीच असेल तर लेबलवर जिंजेरॉलचं प्रमाण लिहिलेलं पाहून घ्या.

*आल्याच्या स्वादाची सरबतं आणि फसफसणारी पेयं.* यांत बहुधा साखर आणि वायू भरपूर, आलं नावापुरतं, कधी तेवढंही नाही. गुबाऱ्यावर वायू भरलेलं पेय घेणं म्हणजे आगीत तेल.

पायरी ४: माप आणि वेळ

ताजं आणि सुंठ यांचा हिशोब पाण्यावरून लावा. ५ ग्रॅम ताजं आलं वाळलं की साधारण १ ग्रॅम उरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात वाळलेल्या आल्याचं प्रमाण प्रवासातल्या मळमळीसाठी अर्धा ग्रॅम, दिवसातून २ ते ४ वेळा, आणि अजीर्णासाठी दिवसाला २ ते ४ ग्रॅम असं दिलं आहे. ४ ग्रॅमच्या वर जाण्यात काही हशील नाही. पहिल्यांदाच घेत असाल तर दिवसाला १ ग्रॅमपासून सुरू करा, तोही विभागून.

विभागून का? पोटात गेलेलं जिंजेरॉल आतड्यात आणि यकृतात भराभर दुसऱ्या रेणूंना जोडलं जातं. २ ग्रॅमपर्यंत आलं दिलेल्या निरोगी लोकांच्या रक्तात मोकळं ६-जिंजेरॉल सापडलंच नाही, मिळाली ती जोडलेली रूपं, आणि तीही साधारण दोन तासांत निम्म्यावर आली. सकाळी एकदम भरपूर घेऊन संध्याकाळपर्यंत पुरेल, असं हे खातं नाही.

वेळेबाबत प्रवासाचं उदाहरण सगळ्यात बोलकं. १९८२ मध्ये ३६ विद्यार्थ्यांना गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसवून एक चाचणी झाली. ९४० मिलिग्रॅम सुंठ घेतलेले विद्यार्थी नेहमीचं औषध घेतलेल्यांपेक्षाही जास्त वेळ टिकले. पुढे इतरांनी केलेल्या चाचण्यांत हाच परिणाम सगळीकडे दिसला नाही. १९८८ मध्ये डेन्मार्कच्या नौदलाच्या ८० प्रशिक्षणार्थींना भर समुद्रात १ ग्रॅम सुंठ दिली तेव्हा उलट्या आणि थंड घाम कमी झाला, पण मळमळ आणि गरगरणं तितकंसं हटलं नाही. खुर्चीच्या चाचणीत सुंठ फिरायला लागण्याच्या आधी दिली होती, हे लक्षात ठेवा. बोटीत बसल्यावर पोट वर यायला लागलं आणि मग मी पिशवीतली सुंठ शोधायला लागलो, असं माझं एकदा झालंय. ती सुंठ मला फक्त दुसऱ्यांदा चाखायला मिळाली. प्रवासाला निघण्याआधी अर्धा ते एक तास ती पोटात गेलेली असावी, थोड्या खाण्याबरोबर.

गरोदरपणातल्या मळमळीसाठी चाचण्यांत बहुधा दिवसाला १ ग्रॅम, म्हणजे २५० मिलिग्रॅम चार वेळा, असं प्रमाण वापरलं गेलं. थायलंडमधल्या ७० गरोदर बायकांवरच्या २००१ च्या चाचणीत चार दिवसांत मळमळ आणि उलट्या दोन्ही कमी झाल्या. तरी आपल्या डॉक्टरांना सांगूनच घ्यावं आणि १ ग्रॅमची हद्द ओलांडू नये. पाणीही पोटात टिकत नसेल तर ते प्रकरण आल्याच्या आवाक्यातलं नाही.

केमोथेरपीच्या वेळी आलं घ्यायचं असेल तर ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. ५७६ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत उलटीवरच्या नेहमीच्या औषधांबरोबर, केमोच्या तीन दिवस आधीपासून आलं दिलं होतं. त्यात अर्धा आणि एक ग्रॅमचा गुण दीड ग्रॅमपेक्षा उजवा ठरला. जास्त म्हणजे चांगलं, या समजुतीला इथेही छेद गेला.

जेवणानंतरच्या जडपणासाठी मला स्वतःला जेवणाआधीचा काप आणि जेवणानंतर तासाभराने अर्धा कप पातळ काढा हे जमतं. अनशापोटी नको, आणि झोपायच्या तोंडावर तर नकोच. आडवं झाल्यावर जळजळ वर चढते.

पायरी ५: पंधरा दिवस नोंद ठेवा

पहिले पाच दिवस आलं न घेता फक्त लिहा: काय खाल्लं, किती वेळाने त्रास झाला, ० ते १० मध्ये किती. मग दहा दिवस एकच रूप, एकच माप, एकच वेळ. काप, काढा आणि कॅप्सूल एकदम सुरू केलीत तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. आल्याबरोबर रात्रीचं जेवण हलकं केलंत, तर त्याचं श्रेय आल्याला देऊ नका. आकडा खाली आला नाही तर सोडून द्या. संवेदनशील आतड्यावरच्या त्या चाचणीत बनावट गोळीनेही निम्म्याहून जास्त लोकांना बरं वाटलं होतं, तेव्हा ‘मला वाटतंय’ यावर फार भरवसा ठेवू नये.

कुणी जपून घ्यावं

स्वयंपाकातलं आलं बहुतेक सगळ्यांना चालतं. खालचं सगळं औषध म्हणून, मोजून, रोज घेण्याबद्दल आहे.

वॉरफॅरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आल्यातले घटक रक्तातल्या बिंबिकांच्या (प्लेटलेट्सच्या) गुठळी करण्याच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आलं किंवा आल्याची कॅप्सूल घेत असल्याचं आधीच सांगा. साधारण एक-दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. पित्ताशयात खडे असतील तर पित्त ढवळणारी कोणतीही गोष्ट विचारून घ्यावी. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखरेवर लक्ष ठेवा. सहा वर्षांखालच्या मुलांना औषध म्हणून स्वतःच्या मनाने देऊ नका. तोंड आलेलं असेल, जठरात व्रण असेल तर तूर्त लांबच बरं.

आलं बाजूला ठेवून डॉक्टरकडे कधी

गिळताना घास अडकतो. वजन आपोआप उतरतंय. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसतं. शौचाला डांबरासारखं काळं होतं. चोवीस तास पाणीही टिकत नाही. पन्नाशी-साठीत पहिल्यांदाच अजीर्ण सुरू झालं आणि हटत नाही. यांतलं एक जरी असेल तरी पंधरा दिवसांची नोंदवही विसरा.

आणि एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पोटाच्या वरच्या भागात दाटून आलंय, ढेकर येत नाहीये, ‘गॅस झालाय’ असं वाटतंय, पण सोबत घाम फुटलाय, दम लागतोय किंवा दुखणं जबड्याकडे, खांद्याकडे, डाव्या हाताकडे सरकतंय, तर ते हृदयाचं असू शकतं. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसती मळमळ आणि थकवा एवढंही दिसू शकतं. अशा वेळी काढा उकळत बसू नये. तडक रुग्णवाहिका बोलवावी.